चोवीस तास नजर

"आजपासून या शाळेतल्या प्रत्येक लेकरावर आमची चोवीस तास नजर राहील!" माधवनगरच्या 'उमेद' विशेष शाळेचे अध्यक्ष भरतेश चौगुले यांनी गर्जना केली आणि कळ दाबली. टाळ्यांच्या गजरात पडद्यावर छताचा पंखा दिसू लागला. पंखा उत्तम चालत होता. लेकरू मात्र एकही दिसत नव्हतं. शाळा दुपारी सुटत असे. उरलेला वेळ ही नजर बाकांवर ठेवून काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या मातोश्री पद्मावती आक्का नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. सांधे दुखत असतील, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

पुढं मल्हार फिटरनं कॅमेरा खाली वळवला, वर्ग दिसू लागला, आणि काही दिवसांतच तो दिसेनासा झाला.

म्हणून साताऱ्याहून नानासो जानकर यांना बोलावणं आलं. नानासो खाजगी गुप्तहेर होते. लग्न ठरण्याआधी मुलाच्या चौकश्या करणे हा त्यांचा मुख्य धंदा. अधूनमधून म्हैसही शोधत. त्यांच्यासोबत व्हॅन चालवत आलेला भाऊसो म्हणजे त्यांचा मित्र, मदतनीस आणि प्रेक्षक. अध्यक्षांच्या दारी जायचं म्हणून भाऊसोनं पांढराशुभ्र शर्ट कडक इस्त्री करून घातला होता. वाटेत उसाचा रस पितानासुद्धा तो पुढं वाकून प्याला.

"दर शनिवारी कॅमेऱ्यासमोर काळं येतं," भरतेश म्हणाले. "शनिवारी सकाळी वर्गात श्रद्धाबाई एकट्याच असतात. मुलांना मारायचं असेल तर आणखी काय करतील? ही मुलं घरी सांगू शकत नाहीत. आमच्या संस्थेच्या नावाला गालबोट लागलं हो! संध्याकाळी पालकसभा आहे. त्यांना कामावरून काढायचं ठरलंय. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"पुरावा मिळंल," नानासो म्हणाले. "कुणाचा, ते आत्ताच कसं सांगू?"

भरतेशनी चित्रण दाखवलं. वर्गात मुलं बसलेली. अचानक सगळी दाराकडं बघून हसू लागतात, एकजण टाळ्या पिटतो, आणि चित्राच्या मधोमध काळा गोळा येतो. कडेनं बाकांची टोकं, भिंतीवरचे कागदी मासे तेवढे दिसत राहतात.

"आवाज?"

"या कॅमेऱ्यात आवाज येत नाही."

"बाईंनीच केलं," भाऊसो कुजबुजला. "दिसतच न्हाईत चित्रात."

"तूबी दिसत न्हाईस," नानासो म्हणाले.

वर्गाच्या दाराशी मल्हार भेटला. कॅमेरा आतल्या बाजूनं, दाराच्या चौकटीच्या अगदी वरच होता.

"एवढा खाली का लावलास रं?"

"शिडी आखूड पडली, सायेब. हितनं सगळा वर्ग दिसतो, फकस्त दारात हुबा ऱ्हायलेला दिसत न्हाई."

"आणि काळं कवा येतं?"

"शनवारी. सोमवारी मी पुसतो. एकदा मधीच बुधवारी आलं, आमुशा हुती तवा. लय चिकाट वंगण!" त्यानं खिशातलं फडकं काढलं.

नानासोंनी ते हुंगून भाऊसोपुढं धरलं. भाऊसोचं निम्मं आयुष्य व्हॅनखाली गेलं होतं.

"वंगण न्हवं हे," तो म्हणाला. "एरंडेलाचा वास मारतोय." आणि आपण काहीतरी उपयोगी बोललो की काय, या शंकेनं गप्प झाला.

तेवढ्यात त्याच्या पोटात काठीचं टोक रुतलं.

"आवं, सरका की जरा! वारं अडवताय."

दाराशेजारच्या खुर्चीत पद्मावती आक्का बसल्या होत्या. नातीला सोडायला येत आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबत.

"आक्का, शनवारी ह्या दारातनं आत कोण गेलं?" नानासोंनी विचारलं.

"कोन न्हाई गेलं. मी हितंच असतीया की."

"बरं चाललंय न्हवं पोरांचं?"

"लय ग्वाड पोरं," आक्का म्हणाल्या आणि चटकन जीभ चावली.

श्रद्धाबाईंचे डोळे रडून लाल झाले होते. तरी एका हातानं त्या कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होत्या.

"कॅमेरा मीच मागितला होता," त्या म्हणाल्या. "मूल खरचटून घरी गेलं तर कुठं पडलं ते सांगता येत नाही त्याला. मग माझ्याकडं बोट येतं. आता कॅमेरा आहे, तरी माझ्याकडंच!"

"शनवारी सकाळी काय करता?"

"गाण्याचा तास असतो. कपाटातून ढोलकी, झांजा काढते. दाराकडं पाठ असते. मुलं हसतात, मला वाटतं, ढोलकी बघून."

बाईंना बिलगून एक मुलगी उभी होती. गुटगुटीत, दोन वेण्या, कानामागं काळा ठिपका.

"ही ब्राह्मी. अध्यक्षांची मुलगी. ऐकलेलं दिवसभर म्हणत राहते."

नानासो गुडघ्यावर बसले. "शनिवारी काय झालं, ब्राह्मी?"

"आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची," ब्राह्मी सुरात म्हणाली. "शनिवारी काय झालं. आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची."

"अर्थ नसतो तिच्या बोलण्याला," मागून भरतेश म्हणाले.

भाऊसोनं सहानुभूतीनं मान हलवली. नानासो मात्र उठले आणि त्याच्या पोटाकडं टक लावून बघत राहिले. शर्टाची इस्त्री त्यांना आवडली असावी, असं भाऊसोला वाटलं. त्यानं पोट आत घेतलं.

संध्याकाळी सभेत पालक, शिक्षक, आक्का, मल्हार, सगळे जमले. श्रद्धाबाई कोपऱ्यात, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"ज्याला कॅमेरा झाकायचाय," नानासोंनी सुरुवात केली, "तो फडकं टाकंल. मधोमध ठिपका कशाला दील? आणि तोबी शनवारी, आमुशाला? ह्या दिवशी आपल्याकडं काय काढत्यात?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"हे वंगण न्हवं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ हाय. अध्यक्ष, तुमी म्हणला, गालबोट लागलं. अगदी बरोबर बोललात. गालबोटच हाय!"

भरतेश खुर्चीतून अर्धे उठले.

"चित्रात कोण का दिसत न्हाई? दारात हुबा माणूस ह्या कॅमेऱ्याला दिसतच न्हाई. पोरं का हसली? आवडीचं माणूस आलं म्हणून. मार देणाऱ्याला बघून पोरं टाळ्या पिटत न्हाईत. आणि कॅमेऱ्यात आवाज न्हाई, पण ब्राह्मीकडं हाय. तिनं दृष्ट काढतानाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पोरगी दिवसभर साक्ष देत हुती, ऐकणारं कोण न्हवतं."

"पण हात पोचला कसा?" मल्हार म्हणाला.

"भाऊसो, हुबा ऱ्हा."

भाऊसो उभा राहिला. पांढऱ्या शर्टावर, बरोबर बेंबीवर, काळाभोर गोल ठिपका होता.

"आक्कांच्या काठीचं टोक! चिकाट काजळ, अजून सुटलं न्हाई."

सगळी सभा आक्कांकडं वळली. आक्का जागच्या हलल्या नाहीत.

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. "ह्योच माइकवर वरडला की, लेकरांवर चोवीस तास नजर ऱ्हाईल म्हणून! एवढी ग्वाड पोरं, आन त्यो लोखंडाचा डोळा मिटतबी न्हाई. म्या म्हणलं, नजर लागायच्या आधी त्या डोळ्यालाच तीट लावावी."

"आई, पण बाईंची नोकरी जात होती!"

"त्यो काळा डाग म्हंजी माझी तीट व्हय? तुमी म्हणायचा कॅमेरा बंद पडतोय, बाईंनी कायतरी केलं. मला वाटलं, मशीन बिघडलं आसंल." आक्का काठी टेकत श्रद्धाबाईंपाशी गेल्या. "पोरी, माफ कर. तुझीच दृष्ट काढायची ऱ्हायली बघ."

श्रद्धाबाई रडता रडता हसल्या. भरतेशनी बाईंना हात जोडले आणि मग लेकीसमोर बसून विचारलं, "ब्राह्मी, आणखी काय सांगायचंय?"

"अर्थ नसतो तिच्या बोलण्याला," ब्राह्मी स्पष्ट म्हणाली.

सभा खो खो हसली. सगळ्यात मोठ्यानं ब्राह्मी. यापुढं तीट कॅमेऱ्याला नाही, शेजारच्या भिंतीला लावायची, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

मग नानासोंनी अंधश्रद्धेवर चार शब्द सांगितले. चाराचे पुष्कळ झाले, पण टाळ्या थांबेनात. साताऱ्याचा हुशार माणूस म्हणून जो तो कौतुक करू लागला.

आक्का काजळाची डबी उघडून पुढं आल्या. "एवढ्या लोकांनी वाखाणलं तुला. तुझं भाषन ऐकलं म्या. लावू का नको?"

नानासोंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि हळूच वाकले.

"आक्का, जरा कानामागं लावा. पेपरसाठी समोरनं फोटो काढायचाय."