काळबांडे मॅडमचा भूगोल

दुपारची जेवणं आटोपली, भांडी ओट्यावर पालथी पडली आणि महादेवराव सोफ्यावर घोरायला लागले, की प्रेमिला काळबांडे भूगोल वाचायला घ्यायच्या.

नागपूरच्या कडेला, बेसातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दुपारी छान ऊन यायचं. वाटीत सोललेलं संत्रं, मांडीवर खाकी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक, वर निळ्या शाईत वळणदार अक्षर : 'भूगोल, इयत्ता नववी, उत्तरसूची.' आत 'नरबेडकाचा सूड'.

नरबेडूक म्हणजे खाली तहसीलदार आणि वर बेडूक. गावातल्या सहा जणांनी त्याला विहिरीत बुडवून मारलेलं असतं. पुढे तो बाहेर येतो आणि एकेकाच्या टाळूला जीभ लावून मेंदू ओढून घेतो. तिसऱ्या प्रकरणात जीभ अकरा फूट असते, सातव्यात नऊ, कारण मधे लेखक विसरला. मॅडमनी हे अकरा वेळा वाचलं होतं. तरी तलाठ्याच्या खांद्यावर 'काहीतरी ओलं, काहीतरी थंड' पडलं की संत्र्याची फोड तोंडापाशीच थांबायची.

हे कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं. जुन्या नागपुरातल्या एका शाळेत मॅडम एकतीस वर्षं होत्या, त्यातली चौदा मुख्याध्यापिका म्हणून, आणि असल्या पुस्तकांची वैरीण ही त्यांची ख्याती होती. दर शनिवारी दप्तरं तपासली जायची. भुताखेताचं, राक्षसाचं पुस्तक सापडलं की पाच छड्या आणि जप्ती. होळीच्या आदल्या दिवशी सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी करायची, मधे जाळ पेटवायचा. मॅडम एकेक पुस्तक उंच धरून दाखवायच्या. कव्हरावर हिरवं तोंड, लाल डोळे, दातांतून ओघळणारं काहीतरी. मग टर्रकन ते कव्हर फाडून जाळात. तोंड वाकडं होत होत जळायचं आणि पोरं डोळे फाडून बघायची. उरलेलं पुस्तक 'रद्दीत टाकते' म्हणून मॅडमच्या पिशवीत.

अशी एक्केचाळीस पुस्तकं दिवाणाखालच्या लोखंडी पेटीत होती. सगळ्यांवर भूगोल लिहिलं होतं, कारण भूगोलाची उत्तरसूची आपण होऊन उघडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

नोव्हेंबर लागला. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची असे, आता मोबाइलपुढे तोंड धरायचं. चौकाजवळ एक सेवा केंद्र होतं, तिथे दोघं नवराबायको गेले. महादेवरावांचं अर्ध्या मिनिटात झालं. मॅडम खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. स्क्रीनवरचा गोल लाल झाला. चेहरा आढळला नाही.

केंद्रवाल्यानं कॅमेरा पुसला. चष्मा काढायला लावला, ट्यूबलाइट लावली, खुर्ची पुढे घेतली. चेहरा आढळला नाही. त्यानं मोबाइल भिंतीकडे फिरवला, तर कॅलेंडरावरच्या बाळाचा चेहरा त्याला लगेच सापडला.

"मॅडम, मले ओळखलं नाही ना तुम्ही?" तो म्हणाला. "धर्मेंद्र बावणे. आठवी ब."

मॅडमनी ओळखलं नव्हतं. समोर चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडत चाललेला माणूस होता. त्यानं तक्रारीचा सूर न लावता सांगितलं, की त्याचंही एक पुस्तक त्या होळीत गेलं होतं, बेडकाचं. मामानं दिलं होतं. शहाण्णव पानं वाचून झाली होती.

"तो आपल्या सासऱ्याच्या पाण्याच्या टाकीत उतरला होता मॅडम. आंघोळीले कोणीतरी येऊन राहिलं होतं. तेवढ्यात तुम्ही आल्या." तो थोडा हसला. "तीस वर्षं झाले. बर्डीच्या बाजारचा फूटपाथ पाहिला, रद्दीवाले पाहिले. दुसरी प्रत भेटलीच नाही. शेवटी काय झालं हो त्याचं?"

मॅडमच्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. आंघोळीला कोण आलं, टाकीचं झाकण कोणी उघडलं, सगळं. त्यांनी ते गिळलं, आणि गिळताना बरंही वाटलं.

"मला काय माहीत? मी असला कचरा वाचत नाही."

"आमच्या घरी भूगोलाशिवाय पुस्तक नाही," महादेवराव अभिमानानं म्हणाले.

"हाव, तसंच असन," धर्मेंद्र म्हणाला. तीस तारखेपर्यंत वेळ आहे, चार दिवसांनी परत या, असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा मोबाइल त्यांचं तोंड बघून उघडेना. रविवारी पुण्याहून मुलाचा, अंकुशचा व्हिडिओ कॉल आला. दोघं नेहमीसारखे खांद्याला खांदा लावून बसले. पाच मिनिटं बोलून झाल्यावर अंकुश म्हणाला, बाबा, आता आईला बोलवा. महादेवराव म्हणाले, ही काय बाजूला बसली. अंकुश हसला, मग हसायचा थांबला. तुमच्याकडे नेट खराब दिसतंय, म्हणून त्यानं फोन ठेवला.

मॅडमनी धरमपेठेत जाऊन पासपोर्ट फोटो काढले. चार वेळा काढले. साडीची पिन जागेवर, मंगळसूत्र जागेवर, कुडीही कानाएवढ्या उंचीवर लटकलेली, आणि मधे डस्टर फिरवलेल्या फळ्यासारखं पांढुरकं काहीतरी. फोटोवाल्यानं पैसे घेतले नाहीत आणि मान वर करून बघितलंही नाही.

आरशात मात्र सगळं होतं. नाक, चष्म्याचे व्रण, हनुवटीवरचा तीळ. मॅडम विज्ञान शिकवलेल्या बाई होत्या. आजकालची यंत्रंच बोगस, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

पण सुभद्रा यंत्र नव्हती. सोसायटीच्या गेटसमोर अकरा वर्षं भाजीची गाडी लावायची. बुधवारी मॅडम वांगी निवडत असताना तिनं विचारलं, "नवीन आल्या काय बाई इथं?"

मॅडमनी हातातलं वांगं उलटंपालटं केलं.

"पहिले ते काळबांडे मॅडम याच्या माह्याकडे," सुभद्रा तराजू धरून सांगायला लागली. "लय घासाघीस करे वं ते बाई. एका वांग्यात कीड निघाली तं दुसऱ्या दिवशी वांगं घेऊन वापस आली. दिसली नाही बापा चार दिवसांपासून."

मॅडमनी पहिल्यांदा सांगितला तो भाव दिला आणि वर आल्या.

मन रमवायला त्यांनी पेटी ओढली. 'नरबेडका'चा खाकी कागद फुगलेला दिसला, हात लावला तर कोमट. त्यांनी तो सोडवला. कव्हर फाडल्यावर जिथे तीस वर्षं नुसता वाळलेला डिंक होता, तिथे एक पातळ कातडी धरली होती, निवलेल्या दुधावर साय धरते तशी. तिच्या खालच्या अंगाला ओठ होते. बारीक, मिटलेले, वर्गात गोंगाट झाला की आवळायचे तसे आवळलेले. मॅडमचे.

दुसऱ्या पुस्तकावर एक भुवई होती. तिसऱ्यावर कान, कुडीच्या भोकासकट. 'सात डोळ्यांची घोरपड' या पुस्तकाला तीळ आला होता. 'चिखलातला जबडा' सगळ्यांत जाड, त्याच्या वाट्याला कपाळाची एक आठी.

मॅडमच्या मनात पहिला विचार चेहऱ्याचा आला नाही. महादेवराव उठले आणि त्यांनी ही पुस्तकं बघितली तर, हा आला. त्यांनी एक्केचाळीस भूगोल भराभर खाकी कागदात बांधले आणि पेटीला कुलूप लावलं.

सत्तावीस तारखेला पुन्हा उघडून पाहिलं. चाळीस पुस्तकं कोरी होती. सगळं 'नरबेडका'वर येऊन जमलं होतं. कपाळ, नाक, गाल, तीळ. डोळे मिटलेले. झोपलेलं माणूस श्वास घेतं तसा खाकी कागद वरखाली होत होता.

अठ्ठावीसला महादेवराव दुपारी उठून बाहेर आले आणि बाल्कनीच्या दाराशी थबकले. मग त्यांनी खुंटीवरचा शर्ट घालून बटणं लावली.

"बसा ना," ते अदबीनं म्हणाले. "मिसेस बाहेर गेल्या दिसतात. येतीलच."

त्यांनी पाहुण्यांच्या ग्लासात पाणी आणून दिलं. मॅडम ते प्यायल्या. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात महादेवरावांनी त्यांना आणून दिलेलं ते पहिलं पाणी.

तीस तारखेला तीन वाजता मॅडम पुस्तक पिशवीत घालून केंद्रावर गेल्या. शेवटचा दिवस, बाकावर म्हातारे दाटीवाटीनं बसलेले. नंबर आला, तशा त्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"बोला मावशी," धर्मेंद्र म्हणाला.

"मी काळबांडे मॅडम."

त्यानं निरखून बघितलं. आवाज तर मॅडमचाच आहे, म्हणाला.

मॅडमनी पुस्तक काढून, खाकी कागद सोडवून काउंटरवर पालथं ठेवलं आणि मागून उघडत पहिल्या पानाशी आणलं. पानाच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत लिहिलं होतं : 'धर्मेंद्र बावणे, ८ ब. चोरेल त्याचे हात झडतील.'

धर्मेंद्रनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"रद्दीत नव्हतं टाकलं मग."

"नाही."

"वाचलं?"

बाकावरचे म्हातारे ऐकत होते. मॅडमनी आवाज खाली आणला. "अकरा वेळा."

"मले पाच छड्या मारल्या होत्या तुम्ही."

"आता तो विषय नको."

"नको तं नको." त्याचा आवाज शांत होता. "मंग सांगा. शेवटी काय झालं?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. पण एकतीस वर्षं हातात छडी धरलेली बाई. समोर अडलेला विद्यार्थी दिसला, आणि पाठ आपोआप ताठ झाली.

"आधी दाखला," मॅडम म्हणाल्या. "मग शेवट."

धर्मेंद्रनं हळूहळू मान हलवली.

"बरोबर आहे. आधी दाखला."

त्यानं पुस्तक मिटलं. सुलटं केलं. कव्हराकडे बघून तो दचकला नाही, उलट उठून उभा राहिला, वर्गात बाई आल्यावर उभं राहतात तसा. बाहीनं त्यानं कव्हरावरची धूळ पुसली आणि पुस्तक स्टेपलरला टेकवून कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

गोल लगेच हिरवा झाला.

स्क्रीनवर पुढची सूचना आली. डोळ्यांची उघडझाप करा.

कव्हरावरचे डोळे उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

प्रिंटर घरघरला. धर्मेंद्रनं कागद दोन्ही हातांनी पुस्तकापुढे ठेवला. "झालं मॅडम," तो पुस्तकाला म्हणाला. "हयात आहात तुम्ही. बसा आरामात."

मग मॅडमनी शेवट सांगितला. भराभर, मोठ्यानं, सगळा. आंघोळीला कोण आलं, झाकण कोणी उघडलं, सासऱ्यानं कोणाचं नाव घेऊन हाक मारली. दोनदा सांगितला. धर्मेंद्रनं पुस्तक उचलून मधलं पान काढलं होतं आणि काउंटरवर कोपर टेकून तो वाचत होता. ओठ हलत होते त्याचे.

बाकावरून एक लठ्ठ म्हातारा काठी टेकत उठला.

"मी बसू काय गा इथं?"

"बसा ना काका. रिकामीच आहे खुर्ची."

म्हातारा वळला आणि सगळं वजन टाकून बसला. दोनदा इकडे-तिकडे सरकून त्यानं बूड नीट केलं.

"कोणी बसलं होतं काय आत्ता?" त्यानं विचारलं. "गरम लागून राहिली."