डाव्या हेडलाइटच्या आत

पटणार नाही, पण यातलं एक अक्षरही मनानं रचलेलं नाही. गेल्या वर्षी आयुधपूजेच्या दिवशी, बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या एका गल्लीत, भर दुपारी हे श्रीरंगच्या बाबतीत सुरू झालं.

त्याच्या गाडीचा डावा हेडलाइट खांबाला घासून फुटला होता. बायकोला, रूपश्रीला, नववा महिना लागलेला. कधी दवाखान्यात पळावं लागेल, नेम नव्हता. म्हणून श्रीरंगनं गुजरीतून, म्हणजे भंगारबाजारातून, एक जुना हेडलाइट आणला आणि घरीच बसवायला घेतला. बंपर सैल केला, बोल्ट आवळले, प्लग जोडला.

दिवा लख्ख लागला. स्वारी खूश!

त्या दिवशी बंगळुरात घरोघरी गाडीची पूजा असते. श्रीरंगनं कुंकवाची वाटी उचलली, तशी त्याची आई, सुनंदाबाई, दारातूनच ओरडली.

"श्रीरंगा, त्या दिव्याला कुंकू बेडा, लावू नको! कुणाच्या गाडीचा तो, काय झालेलं त्या गाडीचं, ठाऊक आहे का? पूजा केली म्हणजे त्याला घरात घेतलं."

"स्वल्प गप्प बस गं अम्मा. चांगला धुतलाय मी."

दोन्ही दिव्यांना ठसठशीत टिळे लागले. चाकांखाली लिंबं चिरडली, कोहळा फुटला.

जेवून तो गाडीवरचा हार सरळ करायला खाली आला आणि थबकला…

डाव्या दिव्यावरचं कुंकू गायब होतं.

मांजरानं चाटलं असेल, असं म्हणत तो वाकला. काच धुरकट झाली होती. आतून.

कुंकूही आतच होतं. लाळेत कालवलेलं, वरपासून खालपर्यंत ओढलेलं. कडेला लाळेची तार लोंबत होती.

बंद काचेच्या आत!

किळस गिळून त्यानं मागचं रबरी झाकण काढलं. भपकन वास आला… नासलेल्या दुधाचा, न धुतलेल्या तोंडाचा. पुसायला म्हणून त्यानं बोट आत घातलं.

बोटाला काहीतरी लागलं. गरम. ओलं. खरखरीत.

ते बोटाभोवती सावकाश फिरलं…

श्रीरंग तिथंच भडाभडा ओकला. मग त्यानं तो हेडलाइट उपटून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात फेकला. हात पेट्रोलनं धुतले, साबणानं धुतले. बोटाचा बुळबुळीतपणा जाईना.

आईला त्यानं काही सांगितलं नाही. रूपश्रीला तर नाहीच.

दिवस कलला आणि तिला कळा सुरू झाल्या.

सणाचा दिवस. कॅब मिळेना, ऑटो थांबेना. नाइलाजानं गाडीच काढली. डाव्या बाजूला नुसतं भोक होतं, वायरी लोंबत होत्या. अम्माला त्यानं मागून ऑटो मिळेल तशी यायला सांगितलं.

एकट्या उजव्या दिव्यावर तो निघाला. दवाखान्याच्या फाटकातून वळला, समोर भिंत आली…

भिंतीवर उजेडाचे दोन गोल होते.

उजवा पांढरा. डावा लालसर, आणि हलणारा.

तो दिवे बंद करायला हात नेईपर्यंत रूपश्री पोट धरून उतरलीसुद्धा.

"रूपा, समोरून जाऊ नको!" तो किंचाळला.

ती त्या डाव्या उजेडातूनच गेली.

दारात नर्सनं तिला धरलं आणि नाक मुरडलं. "अक्का, साडीला काय हे? छी!"

पाणी गेलं म्हणावं, तर ओल पोटावर होती. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत ओढलेली, चिकट.

मुलगी झाली. गुटगुटीत, हसरी. सुनंदाबाई नातीला खाली ठेवत नाहीत.

श्रीरंगही तिला घेतो. बाप आहे, घ्यावंच लागतं.

पण श्वास रोखून. ती लाडानं त्याच्या गालाला तोंड लावते, तीच गरम, खरखरीत जीभ सावकाश फिरते, तेव्हा सगळ्यांसमोर त्याला हसावं लागतं. मग तो मोरीत जाऊन ओकतो.