उंबऱ्यावर अडलेली डिस्क

“फेकून दे हे डबडं! आजोबांचंच मशीन, आजोबांचाच गेम, आणि हे शहाणं म्हणतंय काय, तर ‘चुकीची डिस्क’!”

रेवणने टेबलावर अशी थाप मारली की आर्वीआत्याचा चहा बशीत सांडला.

“मार अजून. घाबरून चालू होईल,” आत्या म्हणाली. “इतका राग कुणावर आहे? त्या बिचाऱ्या डबड्यावर?”

“ओजसवर! सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तुझ्या आजोबांनी गेम बनवला? थापा मारतोस.’ पाच वाजता टाउन हॉलमध्ये जुन्या खेळांचा मेळा आहे. आजोबा पहिल्या रांगेत बसणारेत. त्यांना माहीतही नाही की मी हे घेऊन जाणार आहे.”

हे कन्सोल आजोबा, म्हणजे मल्लिनाथ बिराजदार, कॉलेजात शिकवत असतानाचं. त्याला आता तीसेक वर्षं झाली. तेव्हा त्यांनी विटीदांडूचा गेम लिहिला, स्वतः डिस्कवर उतरवला आणि मशीनमध्ये घातला. मशीनने तो घेतलाच नाही. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

आत्याचं काम उपग्रहांचं. सोलापुरातल्या तिच्या घराच्या गच्चीवर कढईसारखी मोठी अँटेना होती. तिने कन्सोलची पिन प्लगमधून काढली, मशीन जरा वेळ तसंच राहू दिलं आणि मग स्क्रू फिरवले.

“मशीन बिघडलेलं नाहीये रेवण. ते दार अडवून उभं आहे. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा मी अडवलं होतं ना, तसं. म्हटलं, वहिनी, नाव घे, मगच आत!”

“मग?”

“लाजत बिजत काही नाही, ठणकावून म्हणाली, ‘सोलापुरी चादरीला किनार जांभळी, विराजचं नाव घेते, करा वाट मोकळी!’ केली मग वाट मोकळी. हे मशीनही तेच करतं. डिस्क फिरायला लागली की लेझर (एका रेघेत जाणारा बारीक प्रकाश) आधी तिच्या आतल्या कड्याकडे जातो. कंपनीच्या डिस्कवर तिथली रेघ सरळ जात नाही, किंचित वळवळत जाते. त्या वळवळीत चार अक्षरं लपवलेली असतात. तो तिचा उखाणा.”

“मग आजोबांनीपण वळवळती रेघ काढायची ना!”

“कशी काढणार? कोऱ्या डिस्कवर रेघ आधीच आखलेली येते. घरच्या यंत्राला तिच्यावरूनच चालावं लागतं. गेम लिहिता येतो, वळवळ नाही. आजोबांची डिस्क नव्या सुनेसारखी दारात आली खरी, पण तिला उखाणा येत नव्हता.”

रेवणचा आवाज खाली आला. “मग दुसऱ्या कुणी कानात सांगितला तर?”

आत्या हसली. तिने चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढी काळी चिप धरली. “ही मॉडचिप (मशीनची वागणूक बदलणारी चिप). ही डिस्कच्या वतीने उखाणा घेते. पण ऐक. बाजारातले गेम चोरून खेळायला वापरलीस, तर याच चिमट्याने काढून घेईन. हा गेम आपल्या घरचा आहे, म्हणून लावतेय.”

“कळलं गं. लाव लवकर!”

“चष्मा घाल आधी. आणि तो धूर नाकात घेऊ नकोस.”

आत्याने एकेक बारीक तार सोल्डर केली (कथिल वितळवून डाख दिला). एका तारेतून चिपला वीज मिळणार होती. एका तारेतून डिस्क फिरायला लागल्याचं तिला कळणार होतं, आणि एका तारेतून ती अक्षरं सांगणार होती. झाकण लावलं. प्लग लावला. रेवणने बटण दाबलं.

पडद्यावर लाल माती उमटली. एक चौकोनी डोक्याचा पोरगा दांडू घेऊन उभा राहिला. वर अक्षरं आली, ‘खेळ रचला : मल्लिनाथ बिराजदार’.

“आत्याऽऽ!”

पोरट्याने विटी उडवली, आणि सगळं काळं झालं. ‘चुकीची डिस्क.’

रेवणची मूठ वर गेली. पण या वेळी ती तशीच राहिली. झाकणाच्या फटीतून त्याला काहीतरी दिसलं होतं.

“आत्या, चिपचा दिवा बघ. गेम चालू असतानाही लुकलुकत होता. ही अजून उखाणाच घेतेय का?”

“हो, तेवढंच शिकवलंय मी तिला. सारखं म्हणत राहायचं.”

“मग ओळखणारच ना ते! आई घरात आल्यावरही दिवसभर नाव घेत बसली असती तर?”

“आजीने डॉक्टर बोलावला असता,” आत्या म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. “बरोबर आहे तुझं! दार उघडल्यावरही तीच अक्षरं ऐकू आली, की मशीनला कळतं, ही डिस्क नव्हे, कुणीतरी आगाऊ बोलतंय.”

तिने चिपचा प्रोग्रॅम (काय आणि कधी करायचं, त्याच्या सूचना) बदलला. विचारेपर्यंत थांब. विचारलं की सांग. मग गप्प.

या वेळी विटी उडाली, दांडू बसला, विटी पडद्याच्या पार टोकाला गेली. दिवा विझलेला होता. रेवण तीन डाव खेळला तरी मशीन कुरकुरलं नाही.

कन्सोल पिशवीत भरताना त्याने पाहिलं, आत्या हात गुडघ्यावर ठेवून अँटेनाला जोडलेल्या पडद्याकडे बघत बसली होती.

“काय झालं?”

“टिटवी.” हा आत्याच्या चमूचा जुना उपग्रह. कित्येक वर्षं तो नुसता फिरत होता, बोलत नव्हता. “ती डोक्यावरून जाते तेव्हा मी सारखी तिला आपली ओळखीची खूण पाठवत असते. तिची बॅटरी थकलीये, आवाज बारीक झाला असेल. ती विचारत असेल, ‘कोण आहे?’ आणि माझ्याच बडबडीत मला ऐकू येत नसेल.”

“मग आज गप्प बस की!”

“बघा कोण सांगतंय! येतेच आहे ती आता.” आत्याने पाठवायचं बटण बंद केलं.

खोलीत नुसती खरखर राहिली. रेवण पिशवी छातीशी धरून दारात उभा होता. त्याला इतका वेळ गप्प उभं राहिलेलं आत्याने कधी पाहिलं नव्हतं. खरखर. खरखर. मग अगदी बारीक, टिक.

“ऐकलंस?” आत्या कुजबुजली.

“ऐकलं. तिने विचारलंय, तू सांग. आत्या, आजोबा येऊन बसले असतील. मला आता निघायलाच हवं.”