हललेलं चित्र

"शेवटचं विचारतोय, ताई. येणार आहेस की नाही?"

बारक्याने छापील अर्ज टेबलावर आपटला आणि ताईच्या हातातली इस्त्री जागीच थांबली. बाहेरच्या जगात तो फार मोठा माणूस होता. मेंदूची चित्रं काढणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख! तो खोलीत शिरला की लोक उठून उभे राहत. पण आईवडील गेल्यावर सहा वर्षांच्या ज्या पोराला ताईने पोटाशी धरलं होतं, ते पोर तिच्यासाठी अजून बारक्याच होतं.

"चाळीस जोड्या आल्या गं! कोण कुठली अनोळखी माणसं आली," तो म्हणाला. "ज्याने आपल्याला वाढवलं त्याचा आवाज कानावर पडला की मेंदूत काय होतं, आणि वाढवणाऱ्याच्या मेंदूत काय होतं, एवढंच बघायचंय मला. हा विषय मला कुणामुळे सुचला असेल? आणि तुझे कधी गुडघे दुखतात, कधी पाहुणे येतात, कधी बंद जागेत जीव घुसमटतो!"

"अरे, पण..."

"तुझं हे जुनंच आहे. मी शिकायला निघालो त्या दिवशीही असंच केलंस. टॅक्सी दारात उभी, मी हाका मारतोय आणि तू खोलीला आतून कडी लावून बसलेली. म्हणे डोळे आलेत, जवळ येऊ नकोस! मी जाऊच नये असं वाटत होतं ना तुला?"

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. किती वर्षं हे शल्य उरात घेऊन वावरत होता हा! सगळं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं... पण तिने ते ओठांआडच ठेवलं.

डोळे आलेच नव्हते. त्याच्या जाण्याच्या आदल्याच दिवशी कारखान्यात ग्राइंडरवर हत्यारांना धार लावताना लोखंडाचा तापलेला कण तिच्या डाव्या डोळ्यात उडाला होता. डॉक्टरांनी निघेल तेवढा काढला. एक बारीकसा तुकडा खोल रुतून बसला होता. तो काढायला गेलो तर डोळाच जाईल, राहू द्या, असं ते म्हणाले होते. डोळ्यावरची पट्टी बारक्याला दिसली असती तर तो गेला असता का? ट्रंक तिथेच टाकून दुसऱ्या दिवशी तिच्या जागी ग्राइंडरवर उभा राहिला असता वेडा! म्हणून तिने दाराला कडी घातली होती. पुढे सांगू सांगू म्हणताना वर्षं निघून गेली. आणि एकदा जेवताजेवता त्यानेच तिला सांगितलं होतं, की मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रातलं चुंबक इतकं जबर असतं की डोळ्यातला लोखंडाचा कणसुद्धा जागचा हलवतं, आणि मग दृष्टी संपते. त्या दिवसापासून तिच्या सबबी सुरू झाल्या होत्या.

तिने बारक्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे दोन आहेत, भाऊ एकच! तिने इस्त्री बंद केली.

"येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत यंत्र चालवणाऱ्या मुलीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्ज पुढे ठेवला. घड्याळ काढलं का? दातात तार आहे का? हृदयाला यंत्र बसवलंय का? ताई एकेका प्रश्नावर फुली मारत गेली. 'डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?' तिने 'नाही'वर फुली मारली.

"मावशी, आधी नोकरी कुठे करायच्या?" त्या मुलीने सहज विचारलं.

"कारखान्यात गं. ग्राइंडरवर."

मुलीने पेन खाली ठेवलं. "मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. त्याशिवाय आत सोडायची नाही मी तुम्हाला."

"अगं, तुझे साहेब माझे सख्खे भाऊ आहेत!"

"असू देत की. नियम त्यांनीच केलाय. ते स्वतः आले तरी माझ्याशीच गाठ आहे!"

अर्ध्या तासाने बारक्या एक्स-रे हातात घेऊन आला. डाव्या डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे कधीचं, ताई?"

"तू शिकायला गेलास त्याच्या आदल्या दिवशीचं."

"डोळे आले नव्हते तुझे..." तो पुटपुटला आणि तिच्या पायाशी बसला. "माझ्यासाठी... आणि मी इतकी वर्षं तुझ्यावर रुसून बसलो! पण आज का आलीस? काय होईल ते तुला माहीत होतं ना? मीच सांगितलं होतं ना?"

"तू रागावला होतास रे."

त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि तो मोठा माणूस हमसून हमसून रडला. मग उठून त्याने त्या मुलीसमोर हात जोडले. ती बिचारी ओशाळली. "सर, मी फक्त विचारलं हो!" ती म्हणाली. ताईने तिला जवळ ओढून तिच्या कपाळाचा मुका घेतला. या पोरीचे उपकार कसे फेडायचे, तिला कळत नव्हतं.

"जोडीतला अर्धा भाग तरी होऊ दे," बारक्या डोळे पुसत म्हणाला. "आत मी जातो. तू बाहेरून बोल."

काचेपलीकडे यंत्राने त्याला पोटात घेतलं. धडधड सुरू झाली आणि पडद्यावर करड्या रंगाचं चित्र उमटू लागलं. किती वळ्या, किती घड्या! हेच ते डोकं, ज्याला तिने तेल लावलं, ज्यावर टपल्या मारल्या, तापात ज्यावर रात्र रात्र घड्या ठेवल्या. तिचा ऊर कृतज्ञतेने भरून आला. हे बघायला दोन्ही डोळे शाबूत होते!

वाचायचा कागद समोर होता. तिने तो बाजूला सारला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"बारक्या, त्या दिवशी दाराआडच उभी होते रे मी. टॅक्सी वळेपर्यंत उभी होते. सुखाने जा, मोठा हो, एवढं म्हणायचं राहून गेलं... ते आज म्हणते."

पडद्यावरचं चित्र एकाएकी विस्कटलं. कडा पुसट झाल्या, वळ्या एकमेकींत मिसळल्या.

"सर, डोकं हलतंय! अजिबात हलू नका!" मुलगी माइकमध्ये ओरडली. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "रडताहेत वाटतं. हे चित्र कामातून गेलं, मावशी. टाकून द्यावं लागेल."

"टाकू नको गं," ताई म्हणाली. "ते मला दे."