चंद्रविलासचं दार

"चोर सापडलाय. तुम्ही फक्त तसं लिहून द्या," शर्मिष्ठाताई म्हणाल्या.

खाजगी गुप्तहेर जान्हवी तिरोडकरची सकाळ तिथेच नासली. चोर आधी ठरवायचा आणि मग तिला बोलवायचं, अशी गिऱ्हाइकं हल्ली फार झाली होती. तिचा सहकारी सुबोध चहा न मिळाल्याने वेगळाच वैतागलेला होता.

घाटकोपरचा जुना चंद्रविलास बंगला शर्मिष्ठाताईंचा. त्याचं आता हिऱ्यांचं उंची दुकान होणार होतं. दुकान म्हणायचं नाही, 'दालन' म्हणायचं, असं डिझायनर देवव्रतने आल्या आल्या बजावलं होतं. पालिकेची परवानगी एका अटीवर मिळाली होती. सागवानी नक्षीचं दर्शनी दार जागेवर राहिलं पाहिजे. काल, दसऱ्याच्या दिवशी, नेमकं तेच दोन्ही कवाडांसकट गायब झालं.

"हा पुरावा." देवव्रतने उंबऱ्याशी पडलेली सुतारी पटाशी दाखवली. "सीताराम मेस्त्रीची. हिनेच बिजागऱ्या उचकटल्यात."

जान्हवी वाकली. चौकटीचं लाकूड ओरबाडून निघालं होतं. पटाशीच्या धारेवर हळदकुंकवाचं बोट होतं आणि मुठीला झेंडूचं फूल बांधलेलं होतं.

"मागच्या फाटकाची किल्ली त्याच्याचकडे असते. पोलीस येतीलच आता," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. त्यांच्या अंगठ्याला जाड पट्टी होती.

"हे काय झालं?"

"गाडीच्या दारात सापडला. ते सोडा ना."

सुतार सीताराम बाहेर पायरीवर मान खाली घालून बसला होता. जान्हवीने दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, "मी काय सांगू? माझा कोण आयकता?" पुढे तो बोलेचना. जान्हवीला त्याचाही राग आला.

वॉचमन खंडू मात्र भडाभडा बोलला. "काल दुपारपासून देवीची मिरवणूक, मॅडम. तोपर्यंत दार जागेवर होतं, रात्री बघतो तर नाय. मंडळाचा ट्रक गेटसमोरच अडकला, तो पहाटे हलला. डोक्याची वाट लागली. टेम्पो सोडा, सायकल नाय गेली इथून."

"आणि मागचं फाटक?"

"तिथल्या बोळातून माणूस तिरका होऊन जातो."

आत हॉलमध्ये देवव्रत त्याचं दालन समजावू लागला. मधोमध गालिचा अंथरलेला एक बुटका चौथरा होता. "इथे हिऱ्यांची काचेची पेटी. काल संध्याकाळीच सुतारांनी प्लायवूडचा ठोकून दिला. झकास झालाय ना?"

सुबोधने कंटाळून त्यावर दोनदा पाय आपटला. पोकळ आवाज काही आला नाही.

"चल रे, निघू," तो जान्हवीच्या कानाशी पुटपुटला. "मेस्त्रीच आहे. हत्यार त्याचं, किल्ली त्याची."

"तू थांब. मेस्त्रींना आत बोलाव."

सगळे हॉलमध्ये जमले तेव्हा जान्हवीने पटाशी वर धरली.

"दसऱ्याला सुतार हत्यारं पूजेत मांडतो आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाही. बरं, मेस्त्रींनी रीत मोडली असं धरू. पण या धारेने सागवान ओरबाडलं असतं तर हळदकुंकू राहिलं असतं का? ही वापरलेलीच नाही. कोणीतरी इथल्याच पूजेतून उचलून दाराशी टाकली."

"म्हणजे बाहेरचा चोर," देवव्रत म्हणाला.

"बाहेर नेणार कुठून? पुढे ट्रक, मागे बोळ. दार घरातच आहे. आणि काल एकाही सुताराने हत्यार धरलं नाही, तर तुमचा चौथरा ठोकला कोणी? प्लायवूडचा असता तर ढबढब वाजला असता. सुबोध, उचल तो गालिचा."

गालिच्याखाली दोन्ही कवाडं आडवी होती.

देवव्रत शर्मिष्ठाताईंकडे बघू लागला.

"हो, त्यांच्याकडेच बघा," जान्हवी म्हणाली. "कवाड एकट्याला हलत नाही. दुसरा हात हवा. ताई, अंगठा दारातच सापडला तुमचा, पण गाडीच्या नाही."

शर्मिष्ठाताई खुर्चीत बसल्या. "या घराची गळती मी एकटीने काढली, कोणी विचारलं नाही. आता हिऱ्यांची कंपनी म्हणते, दर्शनी भागात काच हवी, नाहीतर करार रद्द. दार चोरीला गेलं असतं तर अटच संपली असती."

"मग पालिकेशी भांडायचं होतंत. यांना तुरुंगात का पाठवत होतात?"

जान्हवी इतकी चिडली होती की तिला उत्तर ऐकायचंही नव्हतं.

सीताराम चपला काढून पुढे आला. सकाळपासून सगळे जिथे बुटांनी वावरले, ती नक्षी त्याने पंच्याने पुसली आणि हात कपाळाला लावला. जान्हवीच्या हातातून पटाशी घेऊन ती त्याने पिशवीत ठेवली.

"मेस्त्री," शर्मिष्ठाताई हळूच म्हणाल्या, "दार परत बसवून द्याल ना?"

सीतारामने पिशवी खांद्याला लावली.

"तुमीच काढलास मा? आता तुमीच बसवा."