भादव्यात कलकत्ता

रेल्वेचं तिकीट काढायला मी नांदुऱ्याला गेलो तेव्हा भादव्याचं ऊन पडलं होतं. सकाळी एक सर येऊन गेलेली, आणि मग असं ऊन की एस.टी.च्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. खामगावला बस बदलली, तेव्हा आमच्या जानेफळचाच एक ओळखीचा माणूस शेजारी येऊन बसला. मी कुठे जाणार आहे ते ऐकून तो हसला.

"भादव्यात कलकत्ता? पागल झाला का बे? तिथं माणूस उभ्या उभ्या शिजते. अन् वरून पाणी. दिवाळीनंतर जाय नं."

सगळे हेच सांगत होते. पण हट्ट माझा नव्हता, मोठीमायचा होता.

मोठीमाय म्हणजे माझी चुलती, सत्यभामाबाई. तिचा एकुलता एक मुलगा इंद्रभान लिफ्ट बसवायच्या कामावर होता. त्या कामानं त्याला कलकत्त्याला नेलं, हावड्याच्या बाजूला. आदल्या वर्षी याच महिन्यात तिथे रात्रंदिवस पाऊस पडला, गल्ल्यांत पाणी साचलं. कामावरून परतताना त्याचा पाय घसरला आणि तोल सावरायला त्यानं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावला. खांबात करंट उतरलेला होता.

निरोप मिळताच मी निघालो, पण पुढे रुळांवर पाणी आलेलं. गाडी नागपूरलाच थांबली. तिकडे प्रेत ठेवायला जागा नव्हती, तेव्हा सोबतच्या पोरांनी तिथेच अग्नी दिला. घरी आल्या त्या अस्थी. मोठीमायला पोराचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

त्यानंतर ती रडली नाही. जेवायची, वांगी तोडायला मळ्यात यायची, पण डोळ्यांत पाणी नाही. बायका आपसात बोलायच्या, हिनं एकदा रडून घ्यायला पाहिजे. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं एका दुपारी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"ज्ञानेश्वर, पोराचा पाय शेवटी जिथं टेकला, तिथं मले हात लावू दे. याच महिन्यात. त्याले जसं पाणी लागलं तसंच मले लागू दे."

त्याच आठवड्यात मी तिकीट काढून आणलं.

तयारी सुरू झाली. माझ्या बायकोनं, कोकिळेनं, दोन छत्र्या काढल्या, रबरी चपला आणल्या, कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मोठीमायच्या गुडघ्याचं तेल. राहायची सोय मात्र लागत नव्हती. शेवटी खामगावच्या एका सरकीच्या व्यापाऱ्यानं एका बंगाली बाईचा नंबर दिला. ती घरातल्या खोल्या प्रवाशांना देई. सगळे तिला मासी, म्हणजे मावशी, म्हणत. तिचा आणि इंद्रभानचा काही म्हणता काही संबंध नव्हता. तो राहायचा ते घरही वेगळं होतं.

मी फोन लावला तेव्हा भर दुपार होती, पण आभाळ इतकं दाटलेलं की घरात दिवा लावावा लागला. मी जानेफळचं नाव सांगितलं, आणि पुढचं बोलायच्या आधीच ती म्हणाली,

"हाँ हाँ दादा, माँ को लेके आ रहा है ना? आपका भाई आके सब बोल गया."

मला वाटलं, इंद्रभानसोबत काम करणारं कुणी पोरगं असेल. मी कुणाला सांगितल्याचं आठवत नव्हतं, पण गोष्टी पसरतात.

"कौन भाई?"

"नाम नहीं पूछा. नीचे का कमरा माँगा. बोला, माँ का घुटना दुखता है, सीढ़ी नहीं चढ़ेगी. और बोला, जब तक माँ है, घर में मछली मत पकाना." ती हसली. "बहुत भीगा हुआ था बेचारा. हम बोला बैठो, चाय पियो. बैठा ही नहीं."

"दिखने में कैसा था?"

"दुबला. बायीं भौं कटी हुई… और दाहिना हाथ कपड़े में लपेटा था. हम पूछा क्या हुआ. बोला, जल गया."

इंद्रभान लहानपणी बैलगाडीवरून पडला होता. तेव्हापासून त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

मी फोन ठेवला. बाहेर विहिरीपलीकडे मोठीमाय वाळत घातलेलं लुगडं घाईघाईनं गोळा करत होती. तिला यातलं काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. कोकिळेला सांगितलं. ती चुलीपाशी बसून होती. तिनं जळतं लाकूड मागे ओढलं. मग हळूच म्हणाली,

"येऊ नका, असं म्हणला का तो?"

"नाही."

"मंग जा. आईची वाट पाहून राह्यला असंन."

आम्ही निघालो. गाडीत मोठीमाय खिडकीशी बसली होती. महाराष्ट्र सरला, हिरवी भातं आली, घामानं अंग चिकट झालं, मधूनच सरी येत आणि खिडक्या लावून घ्याव्या लागत. ती एकदाच बोलली. "पोरगा याच रस्त्यानं गेला असंन, नाही का रे?"

हावड्याला उतरलो तेव्हा दुपार टळत होती. हवा अशी, की ओलं घोंगडं तोंडावर टाकल्यासारखी. मासीचं घर सापडलं. जाडजूड, मायाळू बाई. मोठीमायचा हात धरून तिनं खालच्या खोलीत नेलं. स्वच्छ खोली. मच्छरदाणी, माठात पाणी, खुंटीवर कोरडा पंचा.

"अभी अभी गया," मासी मला म्हणाली. "गली के मोड़ पर मिला नहीं?"

मी ऐकलं न ऐकलं करून पिशव्या खाली ठेवल्या. पण मोठीमायनं ऐकलं होतं. तिला हिंदी फारशी येत नाही, तरी तिचं लक्ष त्या बाईच्या तोंडाकडे होतं. खोलीत एक वास होता… वायर जळाल्यावर येतो तसा, आणि त्याखाली चिखलाचा. दाराजवळच्या फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं. छत कुठे गळत नव्हतं.

मोठीमाय वाकली. त्या पाण्यात तिनं बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली.

"कोण आलतं, ज्ञानेश्वर?"

"मोठीमाय…"

"सांगू नको," ती म्हणाली. "मले समजलं."

इंद्रभान गेला ती जागा तिथून जवळच होती. तिला थोडा आराम करायला सांगितला, तर ऐकेना. आम्ही निघालो तोच पाऊस कोसळायला लागला. छत्री उलटीच झाली. गल्लीत बघता बघता पाणी चढलं, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. दुकानदारांनी शटरं ओढून घेतली. पानाच्या टपरीत पाय वर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, त्यानं पुढच्या खांबाकडे बोट केलं. लोखंडी, जुना, खालून गंजलेला. वर्षभरात त्याच्यावर नवा रंग मारलेला होता.

मी मोठीमायचा दंड धरला होता. "इथूनच हात जोड. पुढं जाऊ नको."

"एवढ्या दूर आली मी," ती म्हणाली, आणि तिनं हात सोडवून घेतला. त्या वयाच्या बाईला एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. पाणी कापत ती सरळ खांबाकडे गेली. मी मागून ओरडलो, धावलो, चप्पल चिखलात रुतली. तिनं हात पुढे केला. बोटं आणि खांब यांच्यात वीतभर अंतर उरलं असेल…

आणि ती मागे फेकली गेली. घसरली नाही, अडखळली नाही. समोरून कुणीतरी छातीवर दोन्ही हात ठेवून ढकलावं तशी मागे गेली आणि पाण्यात बसली.

त्याच क्षणी खांबाच्या बुडाशी निळी ठिणगी उडाली. पाणी तडतडलं. टपरीतला म्हातारा किंचाळला. मी तिला काखेत धरून ओढत एका दुकानाच्या उंच पायरीवर आणलं. आजही मला कळत नाही, त्या पाण्यात आम्ही दोघं कसे वाचलो.

मोठीमाय स्वतःच्या छातीकडे पाहत होती. लुगड्याच्या पदरावर डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा काळा डाग उमटला होता, कडेनं कापड करपलेलं.

"त्यानं ढकललं मले," ती म्हणाली. "हात गरम होता रे त्याचा… लई गरम होता."

मग ती रडली. वर्षभराचं सगळं रडली. भर पावसात, परक्या गावात, पायरीवर बसून, पोराचं नाव घेऊन. आजूबाजूच्या घरांतल्या बायका दारांत आल्या. त्यांना आमची भाषा कळत नव्हती, पण त्याही डोळ्यांना पदर लावू लागल्या. मी तिला रडू दिलं.

घरी परतल्यावर मोठीमाय बदलली. पोटभर जेवू लागली, लोकांत बसू लागली, इंद्रभानच्या लहानपणच्या खोड्या सांगून हसूही लागली. ते करपलेलं लुगडं तिनं धुऊन पेटीत ठेवलं. गोष्ट इथे संपली, असंच आम्ही धरून चाललो. मी मनोमन त्याला हात जोडले. मेल्यावरही ज्याला आईचे गुडघे आठवतात, त्याची भीती कशाची बाळगायची?

यंदा माझी मुलगी समीक्षा नर्सिंगची परीक्षा पास झाली. परवा दुपारी ती मोबाइल घेऊन उड्या मारतच ओसरीवर आली.

"बाबा, नोकरी लागली! कलकत्त्याले. पुढच्या महिन्यात हजर व्हा म्हणतात."

कोकिळेनं पोरीच्या हातावर साखर ठेवली. मोठीमायनं तिची दृष्ट काढली. परक्या शहरात पोर एकटी, म्हणून मला पहिल्यांदा मासीच आठवली. तिच्याकडे सोय झाली तर काळजी नाही. मी लगेच फोन लावला.

"मासी, मेरी बेटी आ रही है…"

"मालूम है दादा," ती म्हणाली. आवाज मात्र नेहमीसारखा मोकळा नव्हता. "आपका भाई सुबह आया था. हम कमरा साफ कर रहा था… वो दरवाजे में खड़ा रहा."

"क्या बोला?"

पलीकडे पावसाचा आवाज येत होता.

"बोला… लड़की के लिए खटिया मत लगाना."

"क्यों?"

"हम भी वही पूछा दादा. कुछ नहीं बोला. बस रोता रहा."

पोरीला पाठवू नका म्हणतो तो, की ती तिथवर पोचणारच नाही म्हणतो, मला उमगत नाही; घरात मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आत समीक्षा बॅग भरते आहे, आणि मोठीमाय तिला विचारते आहे, "छत्री घेतली का गं?"