दिवा वाढवताना

वेळ संध्याकाळी पावणेसात. स्थळ, लालबागमधल्या एका पुनर्वसन इमारतीचा नववा मजला. मी शिडीवर चढून शेजारच्या लक्ष्मीवहिनींच्या दारावरचा एलईडी दिवा दुरुस्त करत होतो. त्यांची सून दर्शना खाली मोबाइलचा उजेड धरून उभी होती.

खरं तर हे काम बिल्डरचं. त्याच्या माणसांशी भांडून माझा घसा बसला होता. तीस वर्षं बातमीदारी केली, पण इतकी निगरगट्ट माणसं विधान भवनातही पाहिली नाहीत. आमच्या लॉबीला खिडकी नाही. भर दुपारीही तिथे संध्याकाळच असते, आणि सगळी दारं एकसारखी. वहिनींचे यजमान गणपतदादा जुने गिरणी कामगार. हल्ली त्यांना काही आठवत नसे. पेटता दिवा पाहून तेवढं आपलं दार ओळखायचे. जानेवारीत तो दिवा गेला. फेब्रुवारीत दादा फेरफटका मारून वर आले, अंधारात दारं चाचपत राहिले आणि परत उतरून गेले. लिफ्टच्या कॅमेऱ्यात त्यांची पाठ दिसते. नंतर ते कुणालाच दिसले नाहीत.

"दिवो लागलो की येतीत," वहिनी म्हणायच्या.

शेवटी मीच टेस्टर लावून पाहिला. टेस्टर पेटला. म्हणजे वीज येत होती, बिघाड ड्रायव्हरचा. दिव्याला हवा तसा करंट देणारी ती छोटी डबी घेऊन मी लोहार चाळीत गेलो. तिच्यावर तीनशे मिलिअँपिअर छापलेलं. दुकानदार साडेचारशेची पुढे करत म्हणाला, "चालून जाईल, साहेब."

"त्या चालून जाईलवरच आमची इमारत उभी आहे," मी म्हणालो. "चिप्स जाळायच्या आहेत का? तीनशेचीच द्या."

आता बटण बंद ठेवून मी फेज आणि न्यूट्रल जोडले. दुसऱ्या बाजूला लाल वायर प्लसला, काळी मायनसला. टेप गुंडाळली.

"वहिनी, लावा."

दिवा लागला. दिवेलागणीची वेळ. वहिनींनी हात जोडले, दर्शनानेही. पांढरा उजेड हळूहळू पिवळसर होत गेला, पाण्यावर पडल्यासारखा हलू लागला. कुठूनसा ओल्या कापसाचा, गरम तेलाचा वास आला. खूप लांब काहीतरी एका लयीत खडखडत होतं. मला पेंग आल्यासारखं झालं. शिडीवरून उतरावंसंच वाटेना.

"काका, अजून कशाला वाढवायचा?" दर्शना म्हणाली. "एवढा लख्ख तर आहे."

"मी कुठे काय म्हणालो?"

"आत्ता म्हणालात ना… दिवो वाढय गो."

मी मालवणी बोलत नाही. माझं मूळ घर गिरगावातलं.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. दर्शनाकडे पाहून त्या हळूच हसल्या.

"खुळी गो तू. दिवो इझवूचो असलो की वाढय म्हणतत. इझय म्हणूचा नसता." मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, ह्यांची रातपाळी असली की मी चाळीच्या जिन्यात कंदील ठेवी. वर इले की पयलो शब्द ह्योच."

"आई…" दर्शनाचा आवाज चिरकला. "कोण आलंय?"

वहिनी बाजूला सरकल्या, कुणाला वाट द्यावी तशा. माझ्या शिडीला अगदी हलका धक्का लागला.

"वाढयतंय हां," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. अंधारात भिंतीवर काहीतरी किणकिणलं. दर्शनाने मोबाइल वळवला. वहिनींच्या हातातली हिरवी बांगडी फुटून खाली पडली होती.

"वाढली," वहिनी म्हणाल्या, आणि तुकडे वेचू लागल्या.

त्या दिवसापासून त्यांनी मला दादांच्या चौकशीसाठी पोलीस स्टेशनला फोन करायला सांगितलं नाही. तो दिवाही पुन्हा लागला नाही. मी नवा ड्रायव्हर काढून घरी जोडून पाहिला. उत्तम चालतो. जुनाही जोडून पाहिला. तोही उत्तम चालतो.

मग मी लिफ्टवाल्याला शाफ्ट उघडायला लावला. आमच्या लॉबीतल्या त्या दिव्याची वायर जानेवारीतल्या लिफ्टच्या कामात आतच तोडलेली होती. टोकांमध्ये हातभर अंतर, तांब्यावर हिरवा गंज. जानेवारीपासून त्या दिव्यापर्यंत वीज येतच नव्हती. वायर आपल्याच माणसांनी तोडली, हे बिल्डरने मान्य केलं आहे. पण तुटलेल्या वायरीवर माझ्या टेस्टरात काय पेटलं होतं, ते त्यालाही सांगता आलेलं नाही.